काचेतला नंबर

लाखांदुरात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या गोदावरीबाईचा कोणावर विश्वास म्हणून नव्हता. गवळ्यासमोर ती दुधात बोट बुडवून पाही. अशा बाईकडे भंडाऱ्याचा नवा व्यापारी टेकचंद आला, पाणी भरायचे पितळी गुंड स्वस्तात द्यायला निघाला, आणि वर हसतमुख! तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली.

लग्नसराई तोंडावर आलेली, माल तर हवा होता. पण बिलावरचा विक्रीकराचा नंबर खोटा निघाला की सगळा कर माल घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. शेजारच्या ताराचंदचं दुकान तेवढ्यानंच बसलं होतं.

"बाई, कायले एवढं निरखून राहिल्या? नंबर हाय, नोट नाही."

"नोट उजेडात धरून तरी पायता येते, भाऊ."

टेकचंद हसला, पण नजर तिच्या मागच्या भिंतीवर. तिथं मालकांचा, मारोतरावांचा, चंदनी हार घातलेला फोटो आणि शेजारी काचेत विक्रीकराचं सर्टिफिकेट. दसऱ्याला दोन्हींना गंध लागे. हा भिंतीत काय शोधून राहिला, म्हणून ती आणखीच सावध झाली.

दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर तपासायला तिनं भंडाऱ्याची एस.टी. धरली. कारध्याचा पूल येईस्तोवर टेकचंदला मनातल्या मनात तुरुंगातही धाडून झालं. विक्रीकर कचेरीत शिरते तर बाकावर टेकचंदच! बाबूला फितवायला आला असणार.

"तुम्ही इथं कायले?"

"अन् तुम्ही, बाई?"

बाबूनं टेकचंदचा नंबर ताडून पाहिला. "यांचा चालू आहे." मग चष्म्यावरून म्हणाला, "हे तुमचा नंबर तपासायला आलेत."

"माहा? माहा तर काचेत हाय!"

"तो मारोतरावांच्या नावे आहे. कुठे आहेत ते?"

टेकचंद खिडकीबाहेर पाहू लागला. त्याला ठाऊक होतं, तरी तो बोलत नव्हता. गावाले गेले, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्या गप्प माणसासमोर खोटं निघेना.

"वारले. परारच्या साली."

"मग नंबरही संपला, बाई."

"नंबर काय कुंकू हाय, त्यांच्यासंगं जायले?"

बाबूला हसू आलं, पण नियम हलला नाही. नवा नंबर निघेपर्यंत जुन्यावर खरेदी बंद. झालेल्या खरेदीचं साहेब पाहतील. अर्जात मालकाच्या नावापाशी तिचा हात थबकला. मग तिनं सावकाश लिहिलं: गोदावरीबाई.

बाहेर पायरीवर टेकचंद म्हणाला, "फोटोखाली अन् सर्टिफिकेटावर एकच नाव. मले वाटलं, हार घातलेला माणूस माल कसा घेऊन राहिला?"

ती हसली आणि पदरानं डोळे पुसले. "आत काहून नाही बोलले?"

"तुमच्या घरची गोष्ट. तुम्हीच सांगाव. गुंड बाजूले ठेवतो, नंबर येईस्तोवर."

"ठेवा. नंबर तर खरा निघाला तुमचा," ती एस.टी.कडे वळत म्हणाली. "आता वजनकाटा पायचा हाय."