कडेची बाई

“ही बाई अशी कडेला का उभी केलीस? मधे काय जागा नव्हती?”

तिने काउंटरवर ठेवलेलं पुठ्ठ्यावरचं चित्र नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. आयुष्यभर फ्रेमा करून त्याची नजर अशी झाली होती, की चित्रात काय आहे यापेक्षा चित्र केवढं आहे हे त्याला आधी दिसायचं.

“आई आहे ती,” ती म्हणाली. “ती कुठे मधे यायची? फोटो काढायची वेळ आली की नेमकं तिला आत काहीतरी काम आठवायचं.”

“नाक काही तुझ्या आईचं वाटत नाही.”

“तुम्हाला आठवतंय तिचं नाक?”

“नाही. पण असं नक्की नव्हतं.” आपल्याच विनोदावर तो मनसोक्त हसला.

फोटोंना त्या घरात तोटा नव्हता. खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि जिन्याच्या भिंतीला टेकून परक्यांची लग्नं, परक्यांचे आजोबा, कुणी न्यायलाच न आलेली गुटगुटीत बाळं. एवढ्या गर्दीत तिच्या आईचा एकही फोटो नव्हता. आईला जाऊन वीस वर्षं झाली होती आणि हल्ली तिचा चेहरा आठवायला डोळे मिटून बसावं लागे. एकदा तर बसूनही आठवला नाही. तेव्हा ती घाबरली, आणि उतारवयात संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गाला जायला लागली.

टिंगल व्हायची ती झालीच. “कादंबऱ्या वाचून झाल्या, सिनेमात रडून झालं, आता रंगांत दिवे लावायचे तेवढे राहिलेत,” असं नवरा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, हे काय वय आहे का नवीन काही सुरू करायचं?” तिने सफरचंदं काढली, बाटल्या काढल्या, आणि हात जरा धीट झाल्यावर माहेरची खोली काढली. टेबल, रिकामी खुर्ची, खिडकीतून आलेलं ऊन आणि अगदी उजव्या कडेला, दाराशी हात पुसत उभी असलेली आई. चेहरा जमला तेव्हा तिला वर्गातच रडू कोसळलं. आई इतक्या वर्षांनी तिच्याकडे बघत होती.

“शनिवारी प्रदर्शन आहे. तोवर फ्रेम कराल ना?”

“करतो गं, चित्रकारीणबाई. घरचं गिऱ्हाईक, करावंच लागणार.”

शनिवारी ती खुर्च्या मांडायला म्हणून लवकर गेली. चित्र तो मागाहून परस्पर घेऊन आला. हातातली कामं उरकून ती बघायला गेली, तोवर ते भिंतीवर लागलं होतं. भारी सोनेरी पट्टीची फ्रेम होती, काच लावलेली नव्हती. टेबल होतं, खुर्ची होती, ऊन होतं. आई नव्हती.

आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून ती बाजूला सरकली आणि फ्रेमच्या कडेआड डोकावायला लागली.

“अहो, आई कुठाय?”

“कापली,” तो म्हणाला. “ही फ्रेम कधीची पडून होती, गिऱ्हाईक फिरकलंच नाही. चित्र चार बोटं जास्त भरत होतं. डावीकडून कापलं असतं तर खिडकी गेली असती, आणि खिडकी खरंच छान जमलीय तुला.”

लग्न झाल्यापासून त्याने तिच्या हातचं कौतुक केलं ते हे एवढंच.

“तो तुकडा कुठाय?”

“सलूनवाल्याच्या आरशामागे पुठ्ठा कमी पडत होता. तिथे डिंकाने पक्का बसवला. आरसा कालच नेला त्याने. वाया नाही घालवला काही!”

तेवढ्यात वर्गाच्या बाई पाहुण्या परीक्षकांना घेऊन आल्या. परीक्षक चित्रासमोर खिळून उभे राहिले.

“खोलीत कुणी नाही, आणि तरी कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतं,” ते म्हणाले. “काय वगळायचं, हे फार थोड्यांना कळतं. पहिला नंबर ह्यालाच.”

“काकू, शेवटी काढून टाकलीत ना ती बाई!” वर्गाच्या बाईंनी तिचा हात धरला. “मी सांगणारच होते. तिच्यामुळे सगळं बिघडत होतं हो. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले.”

“मीही हिला तेच सांगत होतो,” नवरा पुढे होऊन म्हणाला.

लोक जमले. टाळ्या झाल्या. कुणीतरी तिला पुढे ढकललं.

“पण काकू, सही कुठाय? अशी विसरायची असते का सही!”

सही आईच्या पायाशी होती. नवऱ्याने खिशातलं पेन काढून तिच्या हातात कोंबलं. “कर, कर. लाजतेस काय?”

सगळ्यांदेखत काय ते सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण सांगून आई काही आरशामागून निघणार नव्हती, आणि त्या चेहऱ्याची इथे कुणाला गरजही नव्हती. ती वाकली. उजव्या कोपऱ्यात तिने सावकाश, वळणदार अक्षरांत नवऱ्याचं नाव लिहिलं. मग पेनला टोपण लावलं आणि ते त्याच्या खिशात नीट अडकवून ठेवलं.