भुऱ्या भुंकत नाही

बिबट्याला आमच्या वस्तीवर सगळे वाघच म्हणतात. दिवाळीनंतर ऊस डोक्याच्या वर गेला, कॅनॉलच्या चारीला वाघाचे ठसे दिसले, आणि त्याच आठवड्यात माझे सासरे, आप्पा, घोडेगावच्या बाजारातून भुऱ्यासाठी खिळ्यांचा पट्टा घेऊन आले. बैलांच्या घुंगरांच्या दुकानांत हल्ली असे पट्टे टांगलेले असतात. वाघ कुत्र्याची मान धरतो. खिळे टोचले की सोडतो, असा हिशेब.

भुऱ्या तोवर ओट्यावर, आमच्या दारासमोर झोपायचा. माझी मुलगी ज्ञानेश्वरी तीन वर्षांची. त्याच्या पाठीला टेकून ती दूध प्यायची आणि मी शेजारी बसून त्याच्या दातांकडे बघायचे. तो कधी साधा गुरगुरलाही नव्हता, तरी बघायचे.

पट्टा आला तशी त्याची जागाही बदलली. आप्पांनी त्याला उसाच्या बांधावरच्या बाभळीला साखळीने बांधलं.

"हितून भुकला म्हंजी आपल्याला आधीच कळंल," ते म्हणाले. "वाघ दारात आल्यावर भुकून काय उपेग?"

मला ते पटलं. ज्ञानेश्वरी आणि ऊस यांच्यामध्ये काहीतरी असावं, असं मलाही वाटत होतं.

भुऱ्याला पटलं नाही. पहिल्या रात्री तो सारखा ओरडला. विव्हळायचा, भुंकायचा, साखळी ओढायचा. शेताची लाईट रात्रीच यायची; आप्पांनी उठून मोटर चालू करायची, उसाला पाणी धरायचं आणि मधे मिळेल ती झोप घ्यायची. ते उठले, ठिबकच्या नळीचा तुकडा घेऊन बांधावर गेले, आणि आवाज थांबला. असं बरेच दिवस चाललं. दिवसा कधी सुटून तो ओट्याकडे आला, तर पायरीवरच नळी बसायची. मारून झालं की आप्पा त्याला बांधावर न्यायचे, भाकरी कुस्करून घालायचे, कानामागचे गोचीड काढायचे. रागाने मारताहेत असं कधी वाटायचं नाही. काम उरकावं तसं मारायचे.

एकदा मी म्हटलं, "आप्पा, पाठीवर वळ उठलेत त्याच्या. पुरे करा ना आता."

"त्याला जागा कळाया नको? लाडानं कळतंय व्हय कुत्र्याला?"

"पण साखळीत आहे तो. वाघ आला तर पळणार कसा?"

"पट्टा कशाला आनलाय मग?"

सासूबाई गुरांसाठी घासाची पेंढी सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अश्विनी, येक सांग. तिथं कुत्रं नगं, तर काय पोरगी बांधायची?"

त्या हसल्या. आप्पाही हसले. मी ज्ञानेश्वरीला उचलून आत आणलं.

पुढे भुऱ्या शांत झाला. "शिकला," आप्पा म्हणाले. दूधवाल्याची मोटरसायकल आली तरी तो नुसता उभा राहायचा. मला बरं वाटलं. ज्ञानेश्वरीची झोप मोडत नव्हती.

शेजारच्या शिवारात ऊसतोडणी सुरू झाली त्या दिवसांतली गोष्ट. दिवस मावळायला आला होता. सासूबाई गोठ्यात धार काढत होत्या. ज्ञानेश्वरी अंगणाच्या कडेला पाईपच्या तुकड्यांचं घर मांडत होती. मी दोरीवरचे कपडे काढत होते. सवयीने एक नजर तिच्यावर, एक भुऱ्यावर.

भुऱ्या उभा होता. शेपूट पोटाखाली, पाठीवरचे केस ताठ. साखळी जेवढी पुरेल तेवढी ताणून उसापासून लांब झालेला, पण मान उसाकडेच. तोंड घट्ट मिटलेलं. तो बघत होता तिथली पानं वाऱ्याच्या उलट हलत होती.

मी धावले. ज्ञानेश्वरीला दंडाला धरून उचललं आणि जोरात ओरडले. सासूबाई हातातली चरवी तशीच टाकून बाहेर आल्या. उसात काहीतरी जड वळलं आणि लांब गेलं. भुऱ्याने तेव्हाही आवाज काढला नाही.

सकाळी ठसे सापडले, बाभळीपासून साखळीभर अंतरावर. आप्पा त्यांच्याजवळ उकिडवे बसले.

"भुकला न्हाई बघ," ते भुऱ्याकडे बघत म्हणाले. "निकामी जात. टेम्पोत घालून सोडून येतो पार घाटाखाली. दुसरं आनू."

"तुम्हीच शिकवलंत त्याला, आप्पा."

"मी? वाघावर भुकू नगो म्हनलो व्हय मी?"

"कुठल्या भुंकण्याला मार आहे, ते त्याला कसं कळावं? आवाज केला की नळी. त्याने आवाजच सोडला. दुसरं आणलंत तरी तेही हेच शिकेल."

आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. "लई बोलाया लागली," सासूबाई म्हणाल्या. पण ज्ञानेश्वरीचा हात त्यांनी कालपासून सोडला नव्हता.

मी साखळी सोडली. कुणी अडवलं नाही. पट्टाही काढला. खिळे बाहेरच्या बाजूला होते, पण आतल्या बाजूने मानेचे केस झडून कातडं ओलं झालं होतं. पट्टा फक्त रात्री घालायचा, असं मी सांगितलं.

त्याला ओट्याकडे आणलं. पायरीपाशी तो थांबला. भाकरी दाखवली; लाळ गळाली, पण पाय काही पायरीवर पडला नाही. ज्ञानेश्वरी वर बसून "भुऱ्या, ये की रे" म्हणत राहिली. थोड्या वेळाने आप्पा जवळ आले, तसा तो जमिनीला चिकटला. आप्पांनी दोन्ही हात उघडून त्याच्यापुढे धरले, लहान मुलाला दाखवतात तसे.

"बघ. काय न्हाई."

भुऱ्या त्यांच्या हातांकडे बघत नव्हता. त्यांच्या खांद्याकडे बघत होता; नळी उगारताना आधी तोच हलायचा. आप्पा हात धोतराला पुसून मोटरीकडे गेले. घाटाखाली सोडायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आता भुऱ्या पायरीच्या खाली झोपतो. वर येत नाही, भुंकतही नाही. दिवस मावळायच्या आत ज्ञानेश्वरी घरात असते. मी दारात बसून त्याचे कान बघत राहते. ते उसाकडे वळले, की ओरडायचं काम माझं.