नव्या पोलादाची दुसरी परीक्षा

मी एक घडीचा चाकू आहे. जुना म्हणवून घेण्याइतकं माझं वय नाही. जेमतेम चार महिने. पण तेवढ्यात माझं पास होणं आणि नापास होणं, दोन्ही उरकलं आहे.

माझं पातं एका कंपनीच्या नव्या पोलादाचं. त्यात काय काय मिसळलं आहे हे ती कोणाला सांगत नाही. नावाच्या जागी नुसता नंबर. भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या एका गाळ्यात स्वातीताई उत्तनच्या बोटींसाठी चाकू बनवतात. हे पोलाद यापुढे सगळ्या चाकूंना वापरायचं का, हे ठरवण्यासाठी त्यांनी आधी मला एकट्याला घडवलं आणि तपासायला काशीनाथकाकांकडे दिलं.

मित्रांनो, काका तीस वर्षं धार लावत आले आहेत. गाळ्यात धारेबाबत त्यांचा शब्द शेवटचा. दिवसा मी नायलॉनच्या दोराचे शंभर काप घ्यायचे, मग मिठाच्या पाण्यात पडून राहायचं आणि सकाळी वर्तमानपत्राचा कागद कापून दाखवायचा. पंधरा दिवस कागद सरळ कापला गेला. काकांनी वहीत लिहिलं, ‘धार जशीच्या तशी.’ मी फुगून गेलो. मनात थोडी शंका होती, पण आपली स्तुती चालू असताना मध्ये कोण बोलतं?

पोलादाची ऑर्डर देण्याआधी ताईंनी मला आठवडाभर उत्तनच्या लिओनार्डच्या बोटीवर पाठवलं. चौथ्याच दिवशी तो मला घेऊन गाळ्यात हजर.

“काका, तुमचा चाकू काय कामाचा न्हाय. जाळं सोडताना माज्या भावाच्या पायात दोर आडकला. ह्यो नुसता घासतोय! बाजूच्या बोटीवरनं कोयता फेकला, म्हनून भाव जित्ता हाय.”

“असं कसं होईल?” ताई म्हणाल्या. “काकांनी पंधरा दिवस टेस्ट केलंय. तुम्ही याने डबेबिबे उघडले असणार.”

काकांनी मला हातात घेतलं. बोलणं ऐकता ऐकता त्यांनी मला धारेच्या दगडावर दोन हात मारले. ताई बघतच राहिल्या.

“काका, हे काय करताय?”

“काय म्हणजे? बोथट आहे ना.”

“टेस्टच्या वेळी पण करत होता?”

काकांचा हात थांबला. “रोज सकाळी. अगं, बोथट चाकू मी कागदाला लावणार कसा?”

“बोटीवर काका न्हाय येत,” लिओनार्ड हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून माझी परीक्षा पुन्हा सुरू झाली. दगड ताईंच्या कपाटात, किल्ली त्यांच्याकडे. तिसऱ्या सकाळी कागद कापला गेला नाही, फाटला. काकांची बोटं दगडासाठी चुळबुळत होती. तरी त्यांनी पहिलं वाक्य खोडून वहीत लिहिलं, ‘पोलाद नापास. आधीची चूक माझी.’ ऑर्डर गेली नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? काकांना त्याहून जास्त वाटलं असावं. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

मित्रांनो, चाकू जरूर जपा. वापरून झाला की पुसा, कोरडा ठेवा, धार लावा. मात्र परीक्षा घेताना मायेचा हात आवरा. नापास झालो तर मी खणात पडून राहीन, एवढंच. पण पायाला दोराचा फास बसलेल्या माणसापाशी, मला तपासायला दुसरा दिवस नसतो.