मामाचा खोटा पत्ता

मामाला नाही म्हणणं मला जन्मात जमलं नाही, आणि गप्प बसणं त्याला.

आमच्या बंदरातल्या प्रत्येक मासेमारी होडीवर मी बसवलेला एकेक डबा आहे. समुद्रात टॉवर नाहीत, म्हणून निरोप होडीवरून होडीवर उड्या मारत किनाऱ्याला येतो. नियम सोपा: आसपासच्या डब्यांपैकी जो धक्क्याला सगळ्यात जवळ, त्याच्याकडे निरोप द्यायचा. त्यासाठी प्रत्येक डबा आपली जागा सतत सांगत असतो. तेच ठिपके माझ्या खोलीतल्या नकाशावर दिसतात आणि होडीवाल्यांच्या फोनवरही.

इथेच मामाच्या पोटात दुखायला लागलं. "माझी मासे मिळायची जागा गावभर केलीस! तीस वर्षं खपून शोधली मी ती. काढ मला त्या नकाशावरून."

"मामा, तसं काढता येत नाही रे."

"मग शिकलीस कशाला एवढं?"

आठवडाभर हेच. जेवताना हेच, फोनवर हेच. शेवटी माझं डोकं उठलं. एकदाची कटकट मिटू दे म्हणून मी त्याच्या डब्यात कायमची धक्क्याची जागा भरून टाकली. मामा खूश, आणि सुटले एकदाची म्हणून मीही.

मंगळवारी दादा, माझा सख्खा भाऊ, दुपारी परतलाच नाही. चार वाजले तरी नकाशावर त्याचा ठिपका नाही. वहिनी दारात येऊन उभी राहिली. "तुझे डबे करतात काय मग?" मी वायरी तपासल्या, एरियल तपासली, डबे बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. बाकीच्यांचे निरोप तर व्यवस्थित येत होते. एकाने चहा टाकून ठेवा असंही कळवलं होतं.

पाचच्या सुमाराला मामाची होडी धक्क्याच्या टप्प्यात आली आणि माझ्या स्क्रीनवर एकदम अकरा निरोप आदळले. सगळे दादाचे. पहिला नऊ चाळीसचा: इंजिन बंद. मग: पाणी शिरतंय. शेवटचा दोन दहाचा: लवकर या.

मी मामाच्या डब्याची नोंद उघडली. मामा धक्क्यावरच आहे असं समजून दादाचा डबा सगळं त्याच्याच डब्याकडे देत राहिला. मामाच्या डब्याला आपल्यापेक्षा धक्क्याला जवळचं कुणी सापडेना, म्हणून तो ते पोटात घालून बसला होता.

मामा होडी बांधत होता. मी धावत जाऊन त्याला निरोपासोबत आलेले दादाच्या जागेचे आकडे वाचून दाखवले. त्याचा चेहरा उतरला. "ही तर माझ्या जागेच्या शेजारचीच." एरवी त्याने भांडण उकरलं असतं. आज तो धक्क्यावर उभा राहून सगळ्यांना ओरडून म्हणाला, "चला, माझ्यामागून या!"

सात होड्या गेल्या. उजेड संपायच्या आत दादा सापडला, अर्ध्या बुडालेल्या होडीचं टोक धरून बसलेला. धक्क्यावर आणून त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. वहिनी रडतही होती आणि झापतही होती.

दादाचे दात वाजत होते. मला बघून तो म्हणाला, "मामाची होडी दिसत होती गं लांबून. आकाशात उडवायचा इशाऱ्याचा एक बाण होता माझ्याकडे. पण प्रत्येक वेळी डबा सांगायचा, निरोप पुढे गेला. म्हटलं, तुझं काम आहे, चोखच असणार. म्हणून नाही उडवला."

मामा काहीतरी बोलायला पुढे झाला. मी त्याला हाताने थांबवलं.

"दादा, त्याच्या डब्यात खोटी जागा होती," मी म्हणाले. "मी भरली होती."