वीस मिनिटांची सोबत

मी सुई बोलतेय. दचकू नका, इंजेक्शनची नव्हे. तिच्या पोकळ पोटात औषध तरी असतं. शिवणाच्या सुईला नेढं असतं, म्हणजे दोऱ्याची सोबत आलीच. मला दोन्ही नाही. मी केसाएवढी बारीक, ॲक्युपंक्चरची सुई.

कारखान्यातून निघाले तीच एकटी, पाकिटात बंद होऊन. पुढे मुलांच्या वॉर्डातल्या एका खणात वर्षभर पडून होते. शेजारणी एकेक करून जायच्या, परत एकही आली नाही. फार एकटं वाटायचं.

एका दुपारी माझी पाळी आली. टॉन्सिल काढलेली सात वर्षांची मुलगी सकाळपासून पाण्याला शिवत नव्हती. गिळायला गेलं की कळ यायची. औषध चालूच होतं, पण संध्याकाळपर्यंत काही प्यायली नाही तर पुन्हा सलाइन लावणार होते आणि घरी जाणं लांबणार होतं.

सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "चला, सुईवाल्या मॅडम आल्या."

झालं. पोरीनं चादर डोक्यावर ओढली.

"अगं, अजिबात दुखणार नाही," बाबा म्हणाले.

चादरीतून एक हात बाहेर आला आणि बोलायला नको म्हणून उशाजवळ ठेवलेली पाटी आत घेऊन गेला. थोड्या वेळानं पाटी बाहेर आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'ऑपरेशनच्या आधी पण हेच म्हणालात.'

बाबा चष्मा पुसत बसले.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "दुखेल," त्या म्हणाल्या. "मुंगी चावते ना, तेवढं. नको झालं तर बोट वर कर, मी लगेच काढेन. आणि मुळात नकोच असेल तर मी जाते."

मग चादर खाली आली आणि डावा हात पुढे झाला.

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, यांच्या मधल्या मऊ जागेत मी शिरले; घशाची कळ तिथून शमते म्हणे. तिनं ओठ आवळले, पण बोट वर केलं नाही. वीस मिनिटं ती माझ्याकडे टक लावून बघत होती. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी माझ्यासाठी वेळ होता. मला तिथून निघावंसंच वाटेना.

पण एकदा वापरलेली सुई पुन्हा कुणाला चालत नाही. मॅडमनी मला काढून कोपऱ्यातल्या जाड डब्यात टाकलं. शेजारणी कुठे गेल्या, ते तेव्हा कळलं. इथे आम्ही शेकडो जणी आहोत आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

डब्यातून मी ऐकलं, ती चार घोट पाणी प्यायली. माझ्यामुळे, औषधामुळे की खरं ऐकायला मिळाल्यामुळे, देव जाणे. मग खरखरत्या आवाजात तिनं विचारलं, "बाबा, गाडीत धक्के बसले तर दुखेल?"

"ना..." बाबा अडखळले. "दुखेल गं थोडं. मी हळू चालवेन."

उद्या हा डबा इथून नेतील. जाण्याआधी एवढंच मागते, दुखणाऱ्या लेकराला खरं सांगा. आणि सांगून उठून जाऊ नका.