डाव्या हाताचे टाके

कोटाच्या काठाला टेप लावला आणि ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एकवीस इंच हवे होते, भरले सव्वीस.

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबांसाठी शिवायला घेतलेल्या या करड्या कोटाचं हेमिंग अर्धवट सोडून ती गेली, आणि ताईने तो तसाच कपाटात जपला. पुढच्या खोलीतलं आईचं शिवणाचं दुकान आता ताईच चालवायची. आईच्या दर वाढदिवसाला ती कोट काढायची, आईचे टाके टेपने मोजायची, पोटभर रडायची आणि कामाला लागायची. आई डावखुरी, तिचे टाके उलट्या बाजूला कलायचे. ते आपण झोपेतही ओळखू, असं ताईला वाटायचं.

आज आई सत्तरीची झाली असती, आणि आजच हे पाच इंच कुठून उपटले होते. कललेले उलटेच, पण वाकडेतिकडे. कुणीतरी आईची नक्कल करत होतं.

कुणीतरी कशाला, वहिनीच. आईने तिला थोडंफार शिवण शिकवलं होतं. कपाट रिकामं केलं तर बरं पडेल, असं तिने दोनदा सुचवलंही होतं. परवा तिच्या बाहीला करडा धागा चिकटला होता, विचारलं तर म्हणाली, लागला असेल कुठूनतरी. तेवढ्या सुतावरून ताईने स्वर्ग गाठला. कोट पुरा करून टाकायचा, सासूची आठवण निकालात काढायची आणि कपाट बळकावायचं, असा सगळा बेत तिला स्वच्छ दिसला.

तिने कात्री घेतली आणि ते पाच इंच टाका न् टाका उसवले. कोट जागेवर ठेवला, गिऱ्हाइकाकडे जाते असं सांगून पुढच्या दाराने बाहेर पडली, मागच्या दाराने परत आली आणि कपडे घालून बघायच्या पडद्यामागे उभी राहिली. चाळिशीच्या बाईला हे शोभत नव्हतं, पण चोर रंगेहाथ पकडायचा होता.

थोड्या वेळाने वहिनी आली. मागोमाग बाबा, उजवा हात पोटाशी धरून. पाच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तो हात नावालाच होता. वहिनीने कोट टेबलावर पसरला, सुई ओवून बाबांच्या डाव्या हातात दिली आणि काठ ताणून धरला.

बाबांनी अंगठ्याने कालची जागा चाचपली. अंगठा मागे मागे सरकत गेला आणि थांबला.

"उसवलंय कुणीतरी," वहिनी म्हणाली. "ताईंना सांगूया ना आता."

"नको. तिला ते आईचे टाके वाटतात. वाटू देत."

ताई पडद्याबाहेर आली. "मग कुणाचे आहेत?"

बाबांना सांगावंच लागलं. झटक्यानंतर आईनेच त्यांच्या डाव्या हातात सुई दिली होती. ती इंचभर शिवायची, उसवायची आणि तेच टाके त्यांच्याकडून घालून घ्यायची. माझ्या सत्तरीला हा कोट घालून मला फिरायला न्यायचं, पण काठ तुम्हीच पुरा करायचा, अशी तिची अट होती. काठ एकवीस इंचांवर आला आणि ती गेली. मग तीन वर्षं त्यांनी सुई धरली नाही. सत्तरी जवळ आली तेव्हा गेल्या आठवड्यात वहिनीला हळूच म्हणाले, ओवून देतेस का.

"म्हणजे यात आईचं काहीच नाही?" ताईने विचारलं.

बाबांनी काठाचं सुरुवातीचं टोक उलटलं. तिथे पाच टाके होते, एकसारखे, तांदळाच्या दाण्यासारखे. "हे तिचे. हे बघून पुढचे घाला म्हणाली होती."

दर वर्षी टेप दाबून धरायला ताईचा अंगठा नेमका तिथेच असायचा.

"मीच उसवलं," ताई म्हणाली. "वहिनी, मला तुझा संशय आला."

"कळलं होतं मला. परवापासून माझ्या बाह्या तपासत होतात."

उरलेलं हेमिंग ताईच्या हाताने दहा मिनिटांचं काम होतं. तिचा हात सुईकडे गेलाही, पण तिने तो मागे घेतला आणि काठाची दुसरी बाजू ताणून धरली. बाबांनी दुपारभर टाके घातले.

संध्याकाळी बाबा तो कोट घालून फिरायला निघाले, तेव्हा मागे पाच इंच काठ उघडाच होता. त्यांच्यामागून चालताना ताईला तो सारखा दिसत होता. तेवढे तरी शिवून देते, असं ती निघताना म्हणाली होती. बाबा म्हणाले, "राहू दे. उद्या घालीन. तिच्यामागे एवढं तरी काम उरू दे मला."