फ्रिजवरचा फोन

"आणि म्हणूनच, अध्यक्ष महोदय, गृहपाठ बंद करा म्हणणाऱ्या प्रतिपक्षाने आधी एवढंच सांगावं की..."

एवढं बोलून ती थांबली, कारण ऐकायला कोणी उरलंच नव्हतं. पडद्यावरचे सगळे चेहरे गेले आणि निळ्या रंगावर एक पांढरी छत्री उघडली. छत्रीखाली लिहिलं होतं: सोबत. आजचा वेळ संपला. उद्या भेटू.

तिने फोन गादीवर आपटला. गादीवरच, कारण जमिनीवर आपटायची तिची हिंमत होती, पण फोनची नव्हती.

गेल्या सत्रापर्यंत ती शाळेच्या वादविवाद संघात राखीव होती. राखीव म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. मग एकदा पहिल्या वक्त्याचा घसा बसला, ही उभी राहिली आणि परत खाली बसलीच नाही. शनिवारी अंतिम फेरी होती. सराव फोनवरून चालायचा, संध्याकाळी, आणि बाईंनी स्पष्ट बजावलं होतं की मध्येच गायब होणारी मुलगी पहिला वक्ता म्हणून चालणार नाही. आज ती दुसऱ्यांदा गायब झाली होती.

ती बाहेरच्या खोलीत गेली. दादा टेबलावर कुणाचा तरी फोन उघडून बसला होता. तो बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर काम करायचा आणि उरलेलं काम घरी आणायचा.

"दादा, माझा वेळ वाढव. आत्ता."

"जेवायची वेळ झालीय." त्याच्या चिमट्यात मोहरीएवढा स्क्रू होता.

"माझं भाषण चालू होतं. वाक्याच्या मध्यात तोडलंस तू मला."

"मी नाही, ॲपने. अर्ज करा वकिलीणबाई, विचार करू."

"ते ॲपच काढून टाक."

"निघत नाही ते. कंपनीने आतच बसवून दिलंय. चालू-बंद फक्त माझ्या खात्यातून."

"फोन रूट केला तर निघतं."

चिमटा थांबला. दादाने पहिल्यांदा वर बघितलं.

"कुठे वाचलंस?"

"सगळीकडे. रूट केला की फोनचे खरे मालक आपण. कंपनीने कोंबलेलं काहीही काढता येतं. जागा मोकळी होते, बॅटरी टिकते, जुना फोन पळायला लागतो. आणि छत्री जाते."

"आणि पुढचं पान वाचायचं राहिलं वाटतं." दादा खुर्चीत मागे रेलला. गिऱ्हाइकाला समजावतानाचा त्याचा एक खास आवाज होता, तो त्याने लावला. "सगळ्यात आतलं कुलूप उघडावं लागतं आधी. ते उघडलं की फोनमधलं होतं नव्हतं ते पुसलं जातं. बँकेचं ॲप तोंड फिरवतं. गॅरंटी विसरा, अपडेट विसरा. आणि एक पायरी चुकली की फोनची वीट. परवाच एक जण घेऊन आला होता, नुसती काळी पाटी. मुलीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ होता त्यात. रडला बिचारा काउंटरवर."

"आणि नाही चुकली पायरी तर?"

"तर अजून वाईट. एखादं भुरटं ॲप आत शिरलं की त्याला अडवणारं कोणी नाही. रूट करणं म्हणजे घराचं दार बिजागरीसकट काढून ठेवणं."

"आत्ता दार आहे," ती म्हणाली, "पण कडी बाहेरून आहे."

तेवढ्यात वाळलेल्या कपड्यांचा ढीग कवेत घेऊन आई गॅलरीतून आत आली. ढिगाच्या वरून फक्त तिचे डोळे दिसत होते.

"बघ आई, कशी बोलते ती. फोन मी आणून दिला, तुझाही आणि हिचाही. दोन्ही एकदम, नवे कोरे. आणि ऐकून कोण घेतंय, तर मी."

"हात धुवा दोघं," आई म्हणाली.

"आणि तू दुपारी कुठे होतीस? किती वेळा फोन लावला."

"भाजीला गेले होते. फोन ना, राहिलाच बघ रे फ्रिजवर."

दादाला हसू आलं. "आईचा फोन म्हणजे आपला जुना लँडलाइन. जागचा हलत नाही."

इतकी चिडलेली असूनही ती हसली. आईचं विसरणं हा घरातला ठरलेला विनोद होता. तिघांना एकत्र हसायला तेवढी एकच गोष्ट उरली होती. आई पण हसली आणि ढिगातून एक निळा कोट काढून तिच्या अंगावर टाकला.

"शिंप्याकडून आणलाय. बाह्या आखूड केल्यात. घालून बघ शनिवारच्या आधी."

तिने तो न बघताच खुर्चीवर फेकला.

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली. दादा काउंटरवर होता, आई भाजीला गेली होती. तिने बाबांचा जुना लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. बाबा बोटीवर असायचे, वर्षातून एकदा घरी यायचे, आणि लॅपटॉपचंही साधारण तसंच होतं, चालू व्हायला वेळ घ्यायचा. तोवर ती केबल हातात घेऊन बसली आणि बोटांवर मोजायला लागली. डाव्या हातावर फायदे, उजव्या हातावर तोटे. फोटो वेगळ्या कार्डावर काढून ठेवता येतील, म्हणजे उजवं एक बोट कमी. बँकेशी तिचा संबंध नाही, आणखी एक कमी. भुरटी ॲप्स ती घेणार नाही. असं म्हणणारे सगळेच पुढे घेतात, हेही तिला ठाऊक होतं, म्हणून ते बोट तिने अर्धंच मिटलं. वीट मात्र काही केल्या मिटेना. वीट झाली तर आजचा सराव गेला, शनिवार गेला आणि वर दादाचं 'सांगितलं होतं ना' आयुष्यभर. आणि काहीच केलं नाही, तर संध्याकाळी तिसऱ्यांदा छत्री.

तिला दादाचा इतका राग आला की बसवेना. काहीतरी करायचं म्हणून तिने कोट उचलला आणि अंगात घातला. बरोबर बसला. बाही किती आत घेतलीय बघायला तिने ती उलटी केली आणि तशीच थांबली. निळ्या अस्तरावर, आतल्या बाजूला, लाल दोऱ्याची इवलीशी गाठ होती.

कापड कुठल्याही रंगाचं असो, शेवटची गाठ लाल मारणारी एकच बाई तिला माहीत होती. मावशी. लहानपणीच्या तिच्या प्रत्येक फ्रॉकच्या आत ती गाठ असायची. दोन वर्षांपूर्वी मावशी नवऱ्याला सोडून, शिलाई मशीन तेवढं घेऊन, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेली होती. तेव्हा दादाने जाहीर केलं होतं की तिच्याकडे कुणी जायचं नाही, लोकांचं ऐकून घ्यावं लागतं ते त्याला. आई त्यावर एक अक्षर बोलली नव्हती. त्या गप्प बसण्यावरून ती आईशी कितीतरी दिवस धड बोलली नव्हती.

फ्रिजवर काहीतरी थरथरलं. आईचा फोन, नेहमीप्रमाणे राहिलेला. बाबांचा असेल म्हणून तिने हात वर करून तो काढला.

निळ्या रंगावर पांढरी छत्री होती. खाली लिहिलं होतं: तुमच्या पालकांनी तुमचं ठिकाण पाहिलं. तुम्ही घरी आहात.

ती ते वाचत उभी राहिली. तुमच्या पालकांनी. बावन्न वर्षांच्या बाईच्या. तिचे कान तापले. दादाचा राग तर होताच, तो आता कुठे मावेना. पण काल रात्री, आणि त्याआधी कितीदा तरी, लँडलाइनच्या विनोदावर ती स्वतः हसली होती, ते आठवलं आणि ती फोन घेऊन टेबलाशी बसली.

आई आली तेव्हा ती तशीच बसली होती, कोट अंगात, एक बाही उलटी. आईने पिशवी ओट्यावर ठेवली. एवढ्या वेळाच्या भाजीत कोबीचा एक गड्डा होता.

"लाल दोरा," ती म्हणाली.

आईने बाहीकडे बघितलं. "सांगितलं होतं तिला, निळा घाल म्हणून. ऐकते कुठे."

"आणि छत्री? ती कधीपासून माहितीय तुला?"

आई हात धुवायला वळली. नळ सोडून बोलली. "फोन दिला त्याच आठवड्यापासून. मावशीच्या गल्लीत शिरले आणि दादाचा फोन. आई, तिकडे काय करतेयस? मी म्हटलं, चुकले रे रस्ता." तिने नळ बंद केला. "तेव्हापासून विसरभोळी झाले."

"आणि त्याला काही बोलली नाहीस."

"काय बोलणार? काळजीपोटी करतो म्हणाला असता. खोटंही नाही ते. मग मावशीवरून भांडण, मग बाबांना फोन. मला जायचं होतं, मी जात होते."

"मी नाही फोन ठेवून जाणार कुठे." तिचा आवाज चढला, बाईंना आवडायचा तसा. "चोरून का जायचं? मी बरोबर घेऊन जाणार, सगळ्यांदेखत, आणि वाक्य पूर्ण करणार."

"दिसतंय ते." आई केबलकडे बघत होती. "सगळं पुसलं जातं म्हणाला ना काल?"

"तू ऐकत होतीस?"

"कपडे काढत होते. कान नव्हते काढून ठेवले."

"वीटही होऊ शकते," ती म्हणाली. खोटं बोलावंसं वाटलं नाही. "दादा सांगतो ते सगळं खरं आहे. मी पहिल्यांदाच करतेय. आणि सराव आजच आहे."

आईने रुमालाला हात पुसले, मग टेबलावरचा आपला फोन उचलून तोही पुसला, मागून पुढून, चष्मा पुसावा तसा.

"दोन्ही एकसारखेच ना हे?"

"डिट्टो."

"मग आधी माझ्यावर कर. हात बसेल तुझा. बाबांचे निरोप आहेत त्यात, तेवढे काढून ठेव कुठेतरी."

"आणि वीट झाली तर? दादाला काय सांगशील?"

"सांगायचंय काय?" आईने फोन तिच्या हातात दिला. "भाजी घेताना कुठेतरी राहिलाच बघ रे." अगदी नेहमीचा आवाज. दादाने ऐकला असता तर हसला असता.

ती मात्र हसली नाही. तिने केबलचं एक टोक लॅपटॉपला लावलं.

"आणि जमलं तर?" तिने विचारलं. "तर त्याला आजच कळेल. मग?"

आई स्टुलावर चढली. फ्रिजच्या माथ्यावर धूळ साचली होती आणि धुळीत फोनच्या आकाराची एक स्वच्छ चौकट होती. आईने ओलं फडकं घेतलं आणि सगळा माथा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुसून काढला.